मिस्त्रीचा हात

तोल तपासायच्या डुलत्या फळीवर उभं राहिलं की माणसाला खोटं बोलता येत नाही, असं ती हाताखालच्या शिकाऊ मुलींना नेहमी सांगत असे. तोंडाने तो कितीही म्हणो की मला काही होत नाही, फळी कलली की शरीर आपोआप आपल्या दुखऱ्या जागेची राखण करू लागतं. रुग्णालयाच्या तळमजल्यावरच्या त्या लांबट खोलीत बावीस वर्षं तिने लोकांचे गुडघे, कंबरा आणि खांदे याच विश्वासावर हाताळले होते. म्हणून मंगळवारी सकाळी, खांद्याची तक्रार घेऊन आलेला तो सव्वीस-सत्तावीस वर्षांचा तरुण फळीवर चढला, फळी कलली, आणि त्याने उजवा हात कोपरात दुमडून तळवा बरगड्यांवर घट्ट धरला, तेव्हा तिच्या हातातलं पेन कागदावर टेकून तसंच राहिलं. खाली शाईचा ठिपका पसरत गेला. उभं राहण्याची ही रीत तिच्या ओळखीची होती; ओळखीची कसली, घरातलीच होती.

“हात का धरलाय? तोही दुखतो?”

“नाही मॅडम, दुखतो तो डावा खांदा. हा हात सवयीने जातो.” तो हसला, आणि हसताना तोल जाऊन खाली उतरला. “आम्ही सगळे लाटेवर असेच उभे राहतो. आमच्याकडे याला मिस्त्रीचा हात म्हणतात.”

“कोण मिस्त्री?”

आपण असं का विचारलं, हे तिचं तिलाच कळलं नाही. माझे वडील, एवढे दोन शब्द बोलले असते तर भागलं असतं. पण ते दोन शब्द तिने उच्चारले नाहीत, आणि त्या न बोलण्यातूनच पुढचं सगळं सुरू झालं. तो तरुण मात्र खुलला. तो त्या किनाऱ्यावर लाटांवर स्वार व्हायला शिकवणारा शिक्षक होता, आणि मिस्त्री म्हणजे त्याच्या शिक्षकाच्या शिक्षकाचे शिक्षक. होड्यांच्या कारखान्यातला एक सुतार, त्याने त्या भागात पहिली फळी बनवली, पहिल्यांदा लाटेवर उभा राहिला, पहिल्याच महिन्यात खडकावर आपटून उजवं कोपर दोन ठिकाणी मोडून घेतलं, आणि तीन आठवड्यांनी तो मोडका हात बरगड्यांशी धरून पुन्हा पाण्यात उतरला. “त्याला बघून पहिले तिघं शिकले, त्या तिघांना बघून तीस. आज दोन-अडीचशे जण असतील. बाहेरचा माणूस लांबून बघून सांगतो, हा आमच्या किनाऱ्याचा. भूशिरावर आता दगड बसवतोय आम्ही, त्यांच्या नावाचा. मजकूर पाठवलाय मंजुरीला. तीन आठवडे झाले, उत्तर नाही. म्हातारा जरा भाव खातोय.” मग चपापून म्हणाला, “म्हणजे, मान आहे त्यांचा. खाऊ देत.”

“तुमचा डावा खांदा या हातामुळेच दुखतोय,” ती म्हणाली. “एक हात बांधून ठेवलात तर तोलाचं सगळं ओझं दुसऱ्यावर पडणार.”

“ते आम्हाला माहितीये. तिकडे म्हणतात, डावा खांदा दुखायला लागला की समजायचं, आता पोराला जमायला लागलं.”

त्या दिवशी ती घरी चालत निघाली. रस्त्यावर दुकानांच्या काचा होत्या, काचांत माणसं होती, आणि प्रत्येकाच्या चालण्यात तिला कुठलीतरी नक्कल दिसू लागली. हा खांदा याने कुणाकडून घेतला, हिचं हे फेंगडं पाऊल हिचं की हिच्या मावशीचं. मोडलेलं कोपर. लहानपणापासून ही गोष्ट ती ऐकत आली होती, आणि ज्या वयात माणूस वडिलांची गोष्ट तपासून बघत नाही त्या वयात ऐकल्यामुळे ती पुढेही कधी तपासली गेली नव्हती. आज मात्र धंद्यातला डोळा मध्ये आला. तिला आठवलं, होड्यांच्या कारखान्याच्या आवारात, डांबर आणि लाकडाच्या भुशाच्या वासात, बाबा उजवा हात आडवा सरळ ताणून उभे राहत आणि ती त्या हाताला लोंबकळत असे. पाय जमिनीपासून वर, हात काठीसारखा ताठ, आणि वरून बाबांचा आवाज, “मोज, मोज, विसापर्यंत मोज.” ती चार-पाच वर्षांची असेल. अपघात तिच्या जन्माआधीचा. दोन ठिकाणी मोडलेलं, खेड्यातल्या कुणी जोडलेलं कोपर असं सरळ होत नाही, आणि झालंच तर पाच वर्षांच्या मुलीचं ओझं वीस अंकांपर्यंत पेलत नाही. हे ती कुठल्याही पहिल्या वर्षाच्या मुलीला फळ्यावर काढून दाखवू शकली असती.

घरी बाबांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि आत ते कुणाशी तरी फोनवर हळू बोलत होते. तिची चाहूल लागताच बोलणं थांबलं. एरवी तिच्या लक्षातही आलं नसतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाने फोन ठेवला, यात काय विशेष. पण संशयाला एकदा घरात जागा मिळाली की तो पाहुण्यासारखा कोपऱ्यात बसून राहत नाही, भांडीसुद्धा उचकून बघतो. तिला आठवू लागलं की बाबा गेले काही दिवस वर्तमानपत्र स्वतःच्या खोलीत ठेवून घेतात, आणि त्या चळतीतून तपकिरी पाकिटाचा एक कोपरा तिने पाहिला होता. मागच्या वर्षी न्हाणीघरात पडले तेव्हा उजव्या हाताचा एक्स-रे काढला होता. ती कपाटातून तो काढून खिडकीशी गेली. संध्याकाळच्या उजेडात ते कोपर स्वच्छ होतं. वयाची थोडी झीज, बाकी कुठे जोड नाही, गाठ नाही, बाक नाही. पन्नास वर्षांत बारीकशी चीर पुसली जाईलही, पण दोन ठिकाणी मोडलेलं हाड आपली खूण ठेवल्याशिवाय राहत नाही.

“काय शोधतेस?” नवऱ्याने विचारलं. तो चहाचा कप घेऊन मागे उभा होता.

तिने सांगितलं. बाबांनी गोष्ट रचली आहे, आणि का रचली हे मला माहीत नाही.

“तुला हल्ली सगळ्यांतच खोट दिसते,” तो म्हणाला. “लग्नात माझ्या आईच्या पाया पडलीस आणि उठून म्हणालीस, आई, तुमचा एक पाय आखूड आहे.”

“होताच आखूड.”

“होता. पण त्याआधी पन्नास वर्षं ती सुखात होती.”

ती हसली नाही. कारण तेवढ्यात तिला आईचं कोपर आठवलं होतं. ते कधी विसरलेलंच नव्हतं. फक्त या गोष्टीच्या शेजारी ते कधी ठेवून पाहिलं नव्हतं. आईचा डावा हात. लहानपणी झाडावरून पडली, हाड वाकडं बसलं, तो हात कधी सरळ झालाच नाही. चालताना, उभं राहताना, कुणाशी बोलताना तो दुमडून बरगडीशी असायचा, एखादं पाखरू धरल्यासारखा. आईला स्वतःची वेणी घालता येत नसे. सहा वर्षांची झाल्यावर ते काम तिच्याकडे आलं. सकाळी उठून डोळे चोळत ती आईच्या मागे पाटावर बसायची, आणि केस ओले असायचे, जड, थोडे चिकट, आणि वेणीचं टोक दातांत धरलं की जिभेला खारट लागायचं. पोहून आले, आई म्हणायची. ती सातवं वर्ष पूर्ण करण्याच्या सुमारास कधीतरी ते केस कोरडे झाले. एक दिवस ओले होते, नंतर कधीच नव्हते. कोरडे केस विंचरायला सोपे, म्हणून तिला बरंच वाटलं होतं. आई पुढे चार वर्षांनी तापाने गेली, आणि तेव्हाही केस कोरडे होते.

“आईचा डावा,” नवरा सगळं ऐकून म्हणाला, “आणि बाबांचा उजवा. मग नक्कल कसली? तूच जुळवतेयस.” या एका वाक्यावर ती दोन दिवस टेकून राहिली. टेकायला बरं होतं ते. दोन दिवस तिने बाबांना पूर्वीसारखा चहा दिला, त्यांच्या पाठीला तेल लावलं, आणि तेल लावताना उजव्या कोपराशी बोटं मुद्दाम रेंगाळू दिली नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी एका थकलेल्या आजीबाईंना खांद्याचा व्यायाम शिकवायचा होता. नेहमी ती रुग्णाच्या शेजारी उभी राहून करून दाखवत असे. त्या दिवशी शेजारी खाट होती म्हणून समोर उभी राहिली. तिने डावा हात उचलला. आजींनी उजवा उचलला. “तो नव्हे आजी, दुसरा.” “अगं, तू केलंस तसंच तर करतेय,” आजी म्हणाल्या. आणि ते खरंच होतं. समोरच्या माणसाकडे बघून शिकणारा आरशासारखा शिकतो. हे शिकवण्याच्या पहिल्याच तासाला सांगतात, म्हणून तर शेजारी उभं राहायचं. आजींचा उजवा हात हवेत थरथरत होता आणि ती त्याच्याकडे पाहत राहिली. म्हणजे ज्याने आईच्या हाताची नक्कल उचलली, तो तिच्या समोर उभा होता. पाण्यात तिच्याबरोबर नव्हता, मागे नव्हता. लाट किनाऱ्याकडे येते, लाटेवरचं माणूस किनाऱ्याकडे तोंड करून येतं, आणि त्याला समोरून बघता येईल अशी जागा एकच असते.

“खाली घेऊ का गं आता?” आजींनी विचारलं.

रविवारी सकाळी नवरा भाजी आणायला गेला तेव्हा ती बाबांच्या खोलीत शिरली. ते पलंगाच्या कडेला बसून ब्लेडने सुताराची चपटी पेन्सिल तासत होते. तिने काही न विचारता वर्तमानपत्रांच्या चळतीतून तपकिरी पाकीट काढलं. त्यांनी अडवलं नाही. आत टंकलिखित एकच कागद होता. या किनाऱ्यावर लाटेवर उभे राहणारे पहिले पुरुष. मोडलेल्या हाताने समुद्राला शरण न जाणारे. त्यांच्या पत्नी किनाऱ्यावर टॉवेल घेऊन त्यांची वाट पाहत उभ्या असत. आणि खाली दगडाची मापं. मजकुरात कुठेही खूण नव्हती. फक्त मापांपाशी पेन्सिलने लिहिलं होतं, जाडी कमी आहे, खाऱ्या वाऱ्याने तडकेल. तीन आठवडे हा कागद उशाशी ठेवून त्यांनी एवढीच दुरुस्ती केली होती.

“हात बघू, बाबा.”

“काय झालंय त्याला?”

“काही नाही झालेलं. कधीच काही नव्हतं झालेलं.”

ते पेन्सिल तासत राहिले. लाकडाचे पातळ पापुद्रे त्यांच्या मांडीवर पडत होते. मग म्हणाले, “तुझा तो पेशंट मंगळवारी फोनवर होता. म्हणाला, रुग्णालयात एक बाई आहेत, त्यांनी माझा हात बघून पेनच थांबवलं. तेव्हाच कळलं मला, तू होतीस.”

“मग मला का नाही बोललात?”

“तू तरी कुठे बोललीस त्याला?”

हे तिला लागलं, आणि लागलं म्हणूनच ती अधिक कठोर झाली. “फळी कोणाची होती?”

“फळी मी केली.” मग पेन्सिलचं टोक फुंकून म्हणाले, “करायला सांगितली तिने. कारखान्यात आली, म्हणाली, मिस्त्री, मला अशी एक फळी करून द्या, पुढून नाक वर उचललेली, पाण्याशी भांडणार नाही अशी. मला वाटलं बाई वेडी आहे. केली. मग ही काय करते बघायला म्हणून पहाटे गेलो. एका हाताने वल्हवायची ती, दुसरा पुरा पोचायचा नाही. म्हणून फळी सरळ यायचीच नाही, तिरकी यायची. बाकी कुणीही उतरलं असतं तर सरळ किनाऱ्याकडे आलं असतं आणि तोंडावर आपटलं असतं. मी नंतर महिनाभर आपटलोच. ही तिरकी आली, लाटेच्या पोटातून, फेसाच्या पुढे पुढे. मी असं काही पाहिलंच नव्हतं.”

“आणि हात?”

“हात.” त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे दुसऱ्याचा असल्यासारखं पाहिलं. “कोपर वाकडं आहे हे मला काय माहीत नव्हतं? पण पाण्यावर तेच बरोबर असेल असं वाटलं. पाण्यावर तिचं सगळंच बरोबर असायचं. मी पाय घेतले, गुडघे घेतले, मान घेतली, तसा हातही घेतला. दोन वर्षांनी तिला विचारलं, हा हात नेमका कशासाठी. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं तिच्या. म्हणाली, राहू द्या आता, तुम्हाला शोभतो. मग शहरातून ती तीन मुलं आली, कॅमेरा घेऊन. विचारायला लागली, मिस्त्री, हात असा का? बायकोचं बघून, असं सांगायचं होतं. जीभ वळली नाही. खडकावर मोडला म्हणालो. गंमत म्हणून म्हणालो. पुढच्या वेळी आले तेव्हा त्यांनी ते लिहून आणलं होतं.”

“आणि आई ऐकत होती.”

“शेजारी बसली होती. काही बोलली नाही.”

“मी सात वर्षांची असताना तिचं पाण्यात जाणं बंद झालं,” ती म्हणाली. “ते का?”

बाबांनी ब्लेड कागदात गुंडाळलं, खिशात ठेवलं, पुन्हा काढलं. या प्रश्नाची ते गेली कित्येक वर्षं वाट पाहत असावेत, असं तिला वाटलं, आणि लगेच असंही वाटलं की वाट पाहणाऱ्या माणसाचं उत्तर तयार असतं. “मुलांना फळ्या हव्या होत्या,” ते म्हणाले. “साचा घ्यायचा होता. बाहेरून कागदावर उतरवून भागलं असतं, मिस्त्री असून मला ते सुचलं नाही. आतून पोकळ होती तिची फळी, फासळ्या कशा बसवल्यात ते मीच विसरलो होतो. मधोमध कापली. तिला म्हटलं, पुढच्या महिन्यात तुला नवी करतो. आधी या मुलांच्या होऊ देत.”

“चार वर्षं?”

“एकतीस फळ्या केल्या त्या चार वर्षांत. तुझी आई मागणारी नव्हती.”

“म्हणजे तुम्ही देणारे नव्हता.”

खाली रस्त्यावर कुणीतरी गालिचा झटकत होतं, त्याचा धपधप आवाज येत राहिला. मग बाबांनी कागद तिच्याकडे सरकवला. “लिही तू. ती पहिली होती असं लिही. मिस्त्रीनेच सांगितलं म्हणून लिही. मला काय आता.” आणि तिने कागदाला हात लावला नाही. तिला समोर दिसलं ते सगळं: भूशिरावर जमलेली अडीचशे माणसं, मोठ्या मनाचा म्हातारा, आयुष्याच्या शेवटी बायकोला मान देणारा, तरुणांच्या डोळ्यांत पाणी, आणि पुन्हा सगळे त्याच्याकडेच पाहत असलेले. खोटं बोलून जे त्याचं झालं होतं तेच खरं बोलून पुन्हा एकदा त्याचं होणार होतं. आपण इतका वाईट विचार कसा करू शकतो, असं तिच्या मनात आलं. पण तो विचार चूक आहे असं मात्र वाटेना. अकराव्या वर्षापासून याच माणसाने तिला वाढवलं होतं, तो वेणी घालायला शिकला होता, तिच्या परीक्षेच्या दिवसांत पहाटे उठून कंदील पुसून ठेवत होता. त्याच्यावर विश्वास ठेवायला ती आतुर होती. पण फक्त शब्दांवर ठेवता येत नव्हता. शब्दांवर ठेवायची तिची सवयच गेली होती.

“दाखवा,” ती म्हणाली. “ती कशी उभी राहायची ते.”

“आता कुठे उभा राहू मी?”

“तुम्ही नाही. मी राहते. मला उभं करा.”

ती खोलीच्या मध्यभागी फरशीवर उभी राहिली आणि तिने डावा हात कोपरात दुमडून बरगडीशी नेला. बाबा उठले. त्यांनी तिला हात लावला नाही, फक्त तिच्यासमोर येऊन, डोळे बारीक करून, रंधा मारलेली कड बघावी तसं पाहिलं. “पाय एवढा नको. मागचा. अजून थोडा आत. हं.” आवाज बदलला होता, घरातल्या म्हाताऱ्याचा नव्हता तो. “गुडघे तिचे कमी वाकायचे, आम्ही सगळे जास्त वाकवतो. मान सैल. खाली नको बघूस, ती पाण्याकडे बघायचीच नाही. तळवा उघडा. मुठीत नव्हता, उघडा असायचा, आम्ही दाबून धरतो ते आमचं. करंगळी सुटी.” एकेक करून ते सांगत गेले, आणि प्रत्येक सांगण्याबरोबर तिच्या अंगात काहीतरी अनोळखी असं जागेवर बसत गेलं. फरशी थोडी कलल्यासारखी वाटली. चार वर्षांत एक फळी करायला ज्याला सवड झाली नाही, त्याने बायकोची करंगळीसुद्धा विसरलेली नव्हती. याचं काय करायचं, हे तिला ठरवता येईना. क्षमा करायला हे पुरेसं नव्हतं, आणि सोडून द्यायला फार होतं.

“आणि तुम्ही?” तिने त्याच अवस्थेत विचारलं. “तेव्हा तुम्ही कुठे होता?”

ते एक पाऊल मागे सरले, मग आणखी एक, पाठ कपाटाला टेकेपर्यंत. त्यांचे दोन्ही हात पुढे आले, काही धरल्यासारखे, वर तळवे.

“इथे,” ते म्हणाले. “वाळूवर. थंडीचे दिवस होते. टॉवेल माझ्याकडे होता.”

ती हलली नाही. “ते लिहा,” ती म्हणाली. “तुमच्या हाताने.”

बाबा पलंगावर बसले. कागद मांडीवर घेऊन त्यांनी चष्मा लावला, ‘त्यांच्या पत्नी’ या शब्दांवर पेन्सिलने एक सरळ रेघ मारली, मापाच्या खुणेसारखी, आणि तिच्या वर लिहिलं, मी.